घरी पण वाजवायचंय आणि गिगला पण न्यायचाय, मग मॉडेलिंग ॲम्प कुठला घ्यायचा?

गिटारसाठी मॉडेलिंग ॲम्प घ्यायला निघालेला प्रत्येक जण आधी विचारतो की यात मॉडेल किती आहेत, आणि माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. खोक्यावर दोनशे प्रीसेट, शंभर इफेक्ट असलं काय काय छापलेलं असतं आणि आपण त्यातच अडकतो, पण प्रत्यक्षात वाजवताना लागतं काय, तर एक क्लीन म्हणजे न फाटलेला, एक क्रंच म्हणजे हलका फाटलेला, सोलोसाठी एक जरा वर येणारा लीड आणि फार तर एखादा ॲम्बियंट वगैरे, झालं. बाकीचे हौस म्हणून फिरवून बघायचे आणि विसरून जायचे. ॲम्प पारखायचा तो दोन टोकांना. रात्री सगळे झोपलेत आणि तुम्ही अगदी हळू वाजवताय तेव्हा तो कसा वाटतो, आणि ड्रमरच्या शेजारी उभं राहून वाजवताना कसा वाटतो. मधल्या आवाजाला आजकाल कुठलाही बरा ॲम्प छानच वाटतो, त्यामुळे दुकानात मध्यम आवाजावर वाजवून बघून काही कळत नाही हो.

मॉडेलिंग म्हणजे काय हे थोडक्यात, ज्यांना नवीन आहे त्यांच्यासाठी. गिटारचा सिग्नल डिजिटल करायचा, मग एक प्रोसेसर ट्यूब (काचेच्या नळ्यांच्या) ॲम्पचा प्रीॲम्प, टोन कंट्रोल, पॉवर ॲम्प असं सगळं गणिताने उभं करतो आणि ते परत ॲनालॉग होऊन स्पीकरमधून बाहेर येतं. लाइन सिक्सने १९९६ मध्ये ॲक्सिस २१२ काढला तेव्हापासून हा प्रकार आहे, १९९८ मध्ये त्यांचा पॉड आला आणि घरोघरी पोचला. तेव्हाचं मॉडेलिंग ऐकलेली मंडळी अजून नाक मुरडतात आणि त्यांचं तेव्हाचं बरोबरच होतं, हाय गेनवर, म्हणजे आवाज जास्त फाडला की, मधमाश्या गुणगुणल्यासारखा आवाज यायचा. आता ते सगळं खूप पुढे गेलंय, आता कमी पडतं ते बहुतेक वेळा मॉडेल नसतं, स्पीकर आणि त्याचा डबा असतो. हे वाक्य लक्षात ठेवा कारण पुढचं सगळं यावरच आहे.

आता वॉटचा घोळ. लोक म्हणतात शंभर वॉट पन्नासच्या दुप्पट मोठा वाजणार. नाही वाजत. पॉवर दुप्पट केली की फक्त ३ डेसिबल वाढतात, कानाला "दुप्पट मोठं" वाटायला साधारण १० डेसिबल लागतात म्हणजे पॉवर दहा पट हवी. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये तो किती मोठा वाजतो, ती त्याहून महत्त्वाची, एक स्पीकर ९७ डेसिबलचा आणि दुसरा १०० चा असेल तर दुसऱ्यावर अर्ध्या वॉटमध्ये तेवढाच आवाज येतो. आणि स्पीकरचा आकार. दोन छोट्या तीन-चार इंची स्पीकरचा टेबलवरचा ॲम्प कागदावर ३०-४० वॉट असला तरी ड्रमसमोर तो नाही टिकणार, त्यातून हवा ढकललीच जात नाही. बारा इंची स्पीकर असलेला ५० वॉटचा ॲम्प मात्र लहान-मध्यम जागेत ड्रमरबरोबर आरामात चालतो, गेन असलेल्या आवाजाला तर नक्कीच. १०० वॉट लागतात ते क्लीनसाठी. ट्यूब ॲम्प वर नेला की हळूहळू दबतो, गोड फाटतो, आणि लोकांना ते आवडतं, पण मॉडेलिंग ॲम्पमधला सॉलिड स्टेट (ट्रान्झिस्टरचा) पॉवर ॲम्प मर्यादेच्या पुढे गेला की घाण फाटतो, म्हणून त्याला वर जागा ठेवावी लागते. फंकी क्लीन कॉर्ड मोठ्या आवाजात कडक ऐकू यायला हव्या असतील तर १०० घ्या. नाहीतर ५० ने भागतं.

मी स्वतः बॉसचा कटाना १०० एमके-टू वापरतो, घरी आणि बाहेर तोच. २०१६ मध्ये कटाना पहिल्यांदा आला, २०१९ ला एमके-टू, २०२४ ला जेन थ्री, पण मूळ कल्पना तीच. यात जगभरच्या ॲम्पची नावं नाहीत, फक्त अकूस्टिक, क्लीन, क्रंच, लीड आणि ब्राउन, आणि जेन थ्रीमध्ये पुश्ड म्हणून एक वाढवलाय. एवढेच. आणि मला ते फार आवडतं कारण समोर नॉब आहेत, गेन, बास, मिडल, ट्रेबल, हात घालून फिरवा आणि वाजवा. ब्राउन हा बॉसच्या जुन्या वाझा ॲम्पवरून घेतलेला कॅरेक्टर आहे आणि हाय गेन रॉकवाल्यांनी तो एकदा ऐकाच. क्लीन तर मला पेडल लावायला एकदम आदर्श वाटतो, शेवटी बॉस म्हणजे रोलंडचंच घर आणि रोलंडने १९७५ मध्ये जेसी-१२० काढला होता, क्लीनचा धडा त्यांनी तेव्हाच गिरवलाय.

पण कटानाची खरी गंमत पॉवर कंट्रोलमध्ये आहे. कटाना १०० वर ०.५, ५० आणि १०० वॉट असे तीन पर्याय, आणि कटाना ५० वर ०.५, २५, ५०. अर्ध्या वॉटवर टाकून मास्टर जरा वर न्या, तर बंद दाराच्या खोलीत वाजवता येईल एवढ्याच आवाजात ॲम्प जिवंत वाटतो. मास्टर अगदी खाली ठेवून शंभरवर वाजवलं तर तेवढाच आवाज येतो पण नॉब इतका नाजूक होतो की केसभर हलवला की घर जागं. म्हणून घरी वाजवणाऱ्याने वॉट कमी करायचा स्विच आहे का हे आधी बघावं, मग बाकीचं. ज्या ॲम्पवर तो नाही त्यावर निदान मास्टर व्हॉल्यूमचा खालचा भाग किती सहज हलतो ते तरी बघा.

५० आणि १०० मधला फरक नुसता वॉटचा नाहीये आणि इथेच बरेच जण फसतात. एमके-टूच्या ५० मध्ये इफेक्ट्स लूप (बाहेरची पेडल ॲम्पच्या मधे जोडायची सोय) नाही, १०० मध्ये आहे. ५० वर चार टोन साठवता येतात, १०० वर आठ. आणि गिगसाठी सगळ्यात महत्त्वाचं, एमके-टू ५० वर हेडफोन आणि रेकॉर्डिंगचा जॅक एकच आहे, त्यात केबल घातली की स्पीकर गप्प, त्यामुळे स्टेजवर स्पीकरपण वाजतोय आणि पीएला (हॉलच्या मोठ्या स्पीकरना) पण सिग्नल जातोय असं त्यातून होत नाही, माइक लावावा लागतो. १०० ला वेगळा लाइन आउट आहे. आता माइक लावणं काही वाईट नाही, उलट बारा इंची स्पीकरसमोर साधा डायनॅमिक माइक ठेवला तर बरेचदा लाइन आउटपेक्षा छान येतं, पण छोट्या कार्यक्रमात माइक, स्टँड, चॅनल हे सगळं मिळेलच असं नाही. तेव्हा महिन्यातून एखादा गिग असेल तर ५० पुरे, नियमित बाहेर वाजवत असाल तर सरळ १०० कडे जा.

कटानात न आवडणाऱ्या गोष्टी पण आहेत. खोलातले इफेक्ट हवे असतील तर यूएसबी केबल लावून कॉम्प्युटरवर बॉसचं टोन स्टुडिओ सॉफ्टवेअर उघडावं लागतं, एमके-टूमध्ये ब्लूटूथ नाहीच, आणि जेन थ्रीमध्ये पण त्यासाठी वेगळा ॲडॉप्टर घ्यावा लागतो. पायाने टोन बदलायचा जीए-एफसी फूटस्विच वेगळा विकत घ्यावा लागतो आणि त्याच्याशिवाय १०० घेणं म्हणजे अर्धाच ॲम्प घेतल्यासारखं आहे, तर बजेट धरताना तो धरूनच चाला. शिवाय नॉबची जागा आणि प्रीसेटमधली किंमत जुळत नाही, म्हणजे टोन बदलला की गेनचा नॉब दाखवतो तीन आणि खरं गेन असतं सात. सवय होते, पण पहिल्या गिगला गोंधळ होतो.

बाकीचे. फेंडरचा मस्टँग जीटीएक्स १०० हा कटानाचा सरळ प्रतिस्पर्धी, यात नावाजलेल्या ॲम्पचे मॉडेल भरपूर, रंगीत स्क्रीन, वायफाय, ब्लूटूथ, एक्सएलआर लाइन आउट (पीएला थेट जोडायचा जॅक), लूप आणि सात बटणांचा फूटस्विच खोक्यातच येतो (जीटीएक्स ५० बरोबर येत नाही, तिथे नीट बघून घ्या). फेंडरी क्लीन आणि हलकं फाटलेलं क्रंच हे त्याचं बलस्थान. पण स्क्रीनच्या मेनूत शिरून बसायला ज्यांना कंटाळा येतो त्यांनी विचार करा, स्टेजवर अंधारात मेनू उघडणं म्हणजे शिक्षा असते. लाइन सिक्सचा कॅटलिस्ट मला कमी बोलला गेलेला पण फार शहाणपणाने केलेला ॲम्प वाटतो, पहिल्या मालिकेत सहाच ॲम्प प्रकार, समोर नॉब, पॉवर कमी करायची सोय आणि ६० वॉटच्या सगळ्यात लहान कॉम्बोलाही एक्सएलआर डायरेक्ट आउट. म्हणजे कटाना ५० मध्ये जी अडचण सांगितली ती इथे नाही. गिगला लहान ॲम्प न्यायचा आणि पीएला थेट द्यायचं असा हिशोब असेल तर मी कॅटलिस्ट ६० आधी बघेन.

फक्त घरासाठी असेल तर मात्र वेगळा विचार. यामाहाचा टीएचआर हा प्रकार २०११ पासून आहे, दुसरी पिढी २०१९ ला आली, आणि अगदी कमी आवाजात सोफ्यावर बसून वाजवायला याच्याइतकं सुख कुठेच नाही हे माझं प्रामाणिक मत. दोन छोटे स्टीरिओ स्पीकर, वायरलेस मॉडेलमध्ये बॅटरी, गाणी लावली तरी छान वाजतात. पॉझिटिव्ह ग्रिडचा स्पार्क ४० पण त्याच जातीचा, ॲपमध्ये सोबत वाजणारे ड्रम-बास वगैरे मजा भरपूर, नव्या मुलांना सराव करायला हे फार भारी आहे. पण हे दोन्ही टेबलावरचे ॲम्प आहेत. टीएचआर ३० ला लाइन आउट आहेत त्यामुळे पीए असेल तर निभावून नेता येईल, तरी ड्रमच्या मागे स्वतःचा आवाज ऐकू येण्यासाठी मॉनिटर लागणारच. "सध्या हा घेतो, गिग आले की यालाच मोठ्या स्पीकरला जोडतो" असं जे म्हणतात त्यांनी दोनदा विचार करा.

दुसऱ्या टोकाला फेंडरचे टोन मास्टर, २०१९ चे. यात मॉडेल एकच, म्हणजे डिलक्स रिव्हर्ब घेतला की तो डिलक्स रिव्हर्बच, दिसायलाही तसाच. वजनाचा फरक बघा, ट्यूबवाला ट्विन रिव्हर्ब साधारण २९ किलो आणि टोन मास्टर ट्विन साधारण १५ किलो. ज्यांनी जिन्यावरून ट्विन चढवलाय त्यांना हे आकडे समजावून सांगायची गरज नाही. डिलक्समध्ये मागे २२ वॉटपासून ०.२ वॉटपर्यंत आवाज खाली आणायचा स्विच, आणि कॅबिनेटच्या आवाजासह एक्सएलआर आउट. पेडल जमवलेली असतील आणि एका सुंदर क्लीनवर सगळं बांधायचं असेल तर हाच. मेटल वाजवणाऱ्यांनी याच्या वाटेला जाऊ नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कुठलाही ॲम्प घेतला तरी लागू आहे आणि ज्यावर लोक ॲम्पला उगाच शिव्या देतात. घरी बनवलेला टोन गिगला चालत नाही. कारण ॲम्पमध्ये नाही, आपल्या कानात आहे. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच दाखवून दिलंय की हळू आवाजात आपल्याला बास आणि ट्रेबल कमी ऐकू येतात, मिड्स (मधले सूर) त्यामानाने जास्त. म्हणून घरी हळू वाजवताना आपण नकळत बास वर, ट्रेबल वर आणि मिड्स खाली करतो आणि टोन कसा भरदार वाटतो! तोच पॅच (साठवलेला टोन) रिहर्सलला मोठ्या आवाजात लावला की खाली घुमघुम, वर कानात टोचणारं आणि मधे काहीच नाही, आणि गिटारचा जीव नेमका त्या मधल्या भागात असतो. बास गिटार आणि किक ड्रम खालची जागा खातात, झांजा वरची, गिटार गायब. मग गिटारवाला आवाज वाढवतो, ड्रमर जोरात मारतो, गायकाला स्वतःचं काही ऐकू येत नाही आणि भांडणं. उपाय साधा आहे, प्रत्येक टोनचे दोन पॅच ठेवायचे, एक घरचा, एक बाहेरचा. बाहेरचा पॅच घरच्या आवाजात बनवायचाच नाही. बँडबरोबर रिहर्सलमध्ये उभं राहून, सगळे वाजवत असताना, बास कमी, मिड्स वर, आणि गेन घरच्यापेक्षा बराच कमी असा बनवायचा. एकटा ऐकला तर तो पॅच कोरडा आणि नाकात बोलल्यासारखा वाटेल. वाटू दे. मिक्समध्ये तोच कापत वर येतो. रिव्हर्बचं पण तेच, घरी खोली लहान असते म्हणून आपण रिव्हर्ब ओततो, हॉलला स्वतःचा रिव्हर्ब असतो, वर आपला टाकला की चिखल.

आणखी एक, ॲम्प जमिनीवर ठेवून त्याच्या समोर दोन फुटांवर उभं राहिलं की स्पीकर गुडघ्यांना वाजून दाखवतो, कानांना नाही. त्याला तिरका करा किंवा उंचावर ठेवा. नाहीतर आपल्याला ट्रेबल कमी वाटतो म्हणून आपण वाढवतो आणि समोर बसलेल्या माणसाच्या कानात सुई जाते. शिवाय जमिनीला आणि भिंतीला चिकटून ठेवला की बास वाढतो, घरी कोपऱ्यात ठेवलेला असेल तर जरा पुढे ओढून बघा, शेजारी पण खूश.

लाइन आउटबद्दल थोडं. गिटारचा स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं झपाट्याने कापतो, आपल्याला जो गिटारचा आवाज म्हणून माहीत आहे त्यात या कापण्याचा मोठा वाटा आहे. त्यामुळे लाइन आउटवर कॅबिनेटचं सिम्युलेशन, म्हणजे स्पीकर आणि डब्याच्या आवाजाची नक्कल, नसेल तर पीएमधून डिस्टॉर्शन म्हणजे करकर करणारा ब्रश. घेण्याआधी मॅन्युअलमध्ये दोन गोष्टी वाचा, लाइन आउटला कॅब सिम्युलेशन आहे का, आणि मास्टर फिरवला की लाइन आउटची पातळी बदलते का. बदलत असेल तर स्टेजवर तुम्ही स्वतःसाठी आवाज जरा वाढवला की साउंडवाल्याकडचा पण वाढतो आणि तो तुमच्याकडे रागाने बघतो. पीएला जोडल्यावर घूं असा आवाज आला तर बहुतेक वेळा तो ग्राउंड लूप असतो, ग्राउंड लिफ्ट (सिग्नल केबलची ग्राउंड जोडणी तोडायचा स्विच) असलेला डीआय बॉक्स, म्हणजे ॲम्प आणि पीएच्या मधे लावायचा छोटा डबा, बॅगेत ठेवा. प्लगची अर्थिंगची पिन काढायचा "जुगाड" मात्र कुणी कितीही अनुभवी माणसाने सुचवला तरी करायचा नाही, जिवाशी खेळ आहे तो.

फूटस्विचशिवाय गिग करू नका. एवढंच.

ॲपवर चालणाऱ्या ॲम्पबद्दल माझं मन द्विधा आहे. घरी ॲपवर टोन शोधणं मजेशीर असतं, पण ज्या ॲम्पवर ॲपशिवाय अर्धे इफेक्ट हातच लावू देत नाहीत तो दहा वर्षांनी काय करणार? फोन बदलतात, ऑपरेटिंग सिस्टीम बदलतात, कंपन्या जुन्या मॉडेलचं ॲप अपडेट करायचं सोडून देतात. एका ओळखीच्याने सेकंडहँड घेतलेल्या एका ॲम्पचं हेच झालं, ॲप नव्या फोनवर उघडेना, मग समोरच्या चार नॉबवरच समाधान. म्हणून माझा साधा नियम, ॲप आणि फोन नाहीत असं समजून फक्त नॉबवर हवे ते तीन टोन मिळवता येतात का ते बघायचं. आणि फर्मवेअर अपडेट गिगच्या आदल्या रात्री करायचं नाही, त्याआधी आपले पॅच कॉम्प्युटरवर काढून ठेवायचे, आणि अपडेट चालू असताना वीज जाणार नाही याची खात्री करायची.

हेडफोनने सराव करणार असाल तर वायरचाच वापरा. हवेत आवाजाला एक मीटर जायला जवळपास ३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे ॲम्पपासून तीन मीटरवर उभं राहिलात तरी ९ झाले आणि कुणाला काही कळत नाही. पण ब्लूटूथ हेडफोनमध्ये सहज १००-२०० मिलिसेकंदांचा उशीर होतो, तार छेडली की आवाज नंतर येतो, वाजवणं अशक्य. ॲम्पमधलं ब्लूटूथ गाणी लावायला असतं, गिटार ऐकायला नाही.

"मग फ्लोअर युनिट (पायाशी ठेवायचं मॉडेलिंगचं यंत्र) आणि एफआरएफआर स्पीकर (आवाजात स्वतःचा रंग न मिसळणारा) का नाही" असं काही जण विचारतील. घ्या ना, फ्रॅक्टल, केम्पर, हेलिक्स, क्वाड कॉर्टेक्स ही सगळी जबरदस्त यंत्रं आहेत आणि ज्यांचे गिग मोठ्या पीएवर, कानात मॉनिटर घालून होतात त्यांच्यासाठी तोच रस्ता. पण त्यात ऐकू येतो तो माइक लावून रेकॉर्ड केलेल्या गिटारचा आवाज, खोलीत आपल्या मागे उभ्या असलेल्या ॲम्पचा नाही, आणि वर्षानुवर्षं कॉम्बोवर वाजवलेल्या माणसाला ते सुरुवातीला अंगाला लागत नाही. शिवाय घरी दहा मिनिटं वाजवायची असतील तर एक स्विच दाबला आणि वाजवलं हे सुख कॉम्बोतच आहे.

सेकंडहँड बघत असाल तर या प्रकारात बिनधास्त बघा, ट्यूब बदलायचा खर्च नाही, आणि लोक नवीन मॉडेल आलं की चालू मॉडेल विकून टाकतात. बघताना सगळे नॉब टोकापासून टोकापर्यंत फिरवा, खरखर येते का ऐका, सगळ्या जॅकमध्ये केबल घालून हलवून बघा, यूएसबीला लॅपटॉप जोडून ॲम्प ओळखला जातो का ते तिथेच तपासा, फॅक्टरी रीसेट करायला सांगा, आणि थोडा वेळ मोठ्या आवाजात खालच्या ई तारेवर कॉर्ड मारत रहा, स्पीकर फाटका असेल किंवा डब्याचा एखादा स्क्रू सैल असेल तर तिथेच बोलतो. विकणारा म्हणाला की शेजारी ओरडतील, मोठा नका वाजवू, तर मी तरी तो ॲम्प घेणार नाही.